यंत्राला कर्ज मिळते, मिरचीला कोण देणार?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

स्वयंरोजगाराच्या योजनांची माहिती वर्तमानपत्रांतून नेमाने येते. अनुदान किती टक्के, वयाची अट काय, अर्ज कुठे भरायचा, हे त्यात असते आणि ते लागतेही. पण ती माहिती वाचून उद्योगात उतरणाऱ्या तरुणाला किंवा बचत गटातल्या बाईला एक गोष्ट फार उशिरा कळते. यंत्र आल्यावर पहिल्या वर्षभर कच्चा माल, पगार, वीज आणि दुकानदारांची उधारी यांत अडकणारा पैसा कुठून आणायचा, हे कोणी आधी सांगितलेलेच नसते. सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात मसाल्याचे छोटे कारखाने गावोगाव निघाले आहेत. त्यांतला एखादा बंद पडलेला कारखाना उघडून पाहावा. दळायचा पल्वरायझर जागेवर असतो, मिरची कुटायचा डंख जागेवर असतो, पाउच बंद करायचा बँड सीलर प्लास्टिकखाली झाकून ठेवलेला असतो. पोती मात्र रिकामी असतात. हा उद्योग खेळत्या भांडवलावाचून, म्हणजे या फिरत्या पैशावाचून मरतो. म्हणून त्याच एका गोष्टीबद्दल सविस्तर लिहितो. उदाहरण मसाल्याचे घेतले आहे, पण पापड, लोणची, काजू, गूळ अशा हंगामी कच्च्या मालाच्या कुठल्याही धंद्याला ते थोड्याफार फरकाने लागू पडते.

पहिली चूक प्रकल्प अहवालातच होते. अहवाल करून देणारा यंत्रांचे कोटेशन जोडतो, शेडचा खर्च लिहितो आणि खाली ‘खेळते भांडवल’ म्हणून लाख-दीड लाखाचा आकडा टाकतो. तो आकडा मोजून आलेला नसतो, बेरीज जुळवायला घातलेला असतो. बँक तेवढेच मंजूर करते. सहा महिन्यांनी पैसा कमी पडला की उद्योजक पुन्हा बँकेत जातो. तेव्हा बँक वर्षाचा ताळेबंद मागते आणि तो तयार नसतो. घर किंवा जमीन पहिल्याच कर्जाला तारण दिलेली असते. म्हणून यंत्राचे मुदत कर्ज आणि कॅश क्रेडिट (सीसी), म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसा पैसा काढता-भरता येणारे कर्ज खाते, ही दोन्ही एकाच अर्जात, एकाच दिवशी मागावीत.

आता ते मोजायचे कसे? हिशेबापुरते धरू की वर्षाची विक्री ३६ लाख, म्हणजे महिन्याला ३ लाख. विक्रीच्या ६० टक्के कच्चा माल धरला तर महिन्याला १ लाख ८० हजारांचा माल लागतो. त्यातली दोन तृतीयांश, म्हणजे १ लाख २० हजारांची मिरचीच असते. मिरचीची मोठी आवक फेब्रुवारी ते एप्रिल. ब्याडगी असो की गुंटूर, चांगल्या रंगाचा माल याच दिवसांत पाहून घेता येतो. त्यामुळे नवा माणूस आठ महिन्यांची मिरची एकदम भरतो. ते झाले ९ लाख ६० हजार. दुकानदारांकडे सरासरी ४५ दिवसांची उधारी राहिली तर ४ लाख ५० हजार तिकडे अडकले. धणे, खोबरे, कांदा-लसूण, पाउच यांचा साठा ३० हजार आणि महिन्याचा पगार, भाडे, वीज ६० हजार. बेरीज १५ लाख.

बँक किती देते? लघुउद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या शिफारशीवरून आलेली पद्धत आजही चालते. वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के ही भांडवलाची गरज धरायची. त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के उद्योजकाने घालायचे. ३६ लाखांवर बँकेचे ७ लाख २० हजार, आपले १ लाख ८० हजार, एकूण ९ लाख. लागणार १५ आणि हाती ९. या पद्धतीत पैसा वर्षातून चार वेळा फिरतो, म्हणजे तीन महिन्यांत माल येऊन, विकून, वसूल होतो असे धरलेले आहे. आठ महिन्यांची मिरची भरणाऱ्याचा पैसा तीन महिन्यांत फिरणारच नाही. नियम चुकीचा नाही, तो या धंद्याच्या चालीला तोकडा आहे. ज्याचे चक्र लांब आहे त्याने महिनावार तक्ता देऊन जास्त मर्यादा मागावी. वीस टक्के हा किमान धरायचा आकडा आहे, त्यापुढे गरज दाखवली तर बँक विचार करू शकते. तक्ता नसेल तर मात्र कोणीही विचार करणार नाही.

मधले सहा लाख मग कुठून येतात? सोनेतारण, भिशी, पतसंस्था, आणि शेवटी शेकडा तीनने देणारा खासगी सावकार. सहा लाखांवर शेकडा तीन म्हणजे महिन्याला १८ हजार रुपये, आणि मुद्दल तसेच उभे. याच्याशी ताडून पाहावे: यंत्राच्या ५ लाखांच्या कर्जाचा ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे १० हजार ९०० रुपये येतो आणि त्यात मुद्दलही फिटत जाते. सावकाराच्या पैशाने मिरची भरणारा माणूस यंत्राच्या हप्त्यापेक्षा जास्त पैसा नुसत्या व्याजात घालवतो. कारखाना बुडण्याचे एवढे कारण पुरते.

हीच मांडणी उलटी करून पाहा. मिरची आठऐवजी चार महिन्यांची घेतली तर ४ लाख ८० हजार. उधारी ४५ दिवसांवरून २१ दिवसांवर आणली तर २ लाख १० हजार. बाकीचे ९० हजार तेच. बेरीज ७ लाख ८० हजार, म्हणजे ९ लाखांत बसते आणि हाताशी थोडे उरतेही. यंत्र तेच, विक्री तीच. खरेदीचा आवाका आणि वसुलीचे दिवस एवढेच बदलले.

यावर जुने व्यापारी म्हणतात, हंगामात स्वस्त मिळते, पावसाळ्यात तेजी येते, मग भरून का ठेवू नये? स्वतःच्या पैशाने जरूर भरावी. कर्जाच्या पैशाने भरणे म्हणजे दरावर पैज लावणे. २०२४ च्या मार्चमध्ये ब्याडगीच्या बाजारात दर कोसळले तेव्हा संतापलेल्या शेतकऱ्यांनी बाजार समितीचे कार्यालय आणि वाहने पेटवली. पुढच्या वर्षी आंध्रातही मंदी राहिली, इतकी की फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राला, दर पडल्यावर आधार देणाऱ्या बाजार हस्तक्षेप योजनेत क्विंटलला ११ हजार ७८१ रुपये दर ठरवावा लागला. त्याआधीची तेजी पाहून ज्यांनी उसन्या पैशाने गोदामे भरली, त्यांच्या मालाची किंमत घटली आणि व्याज मात्र चालू राहिले. मसाला करणाऱ्याचा नफा दळण्यात, मिश्रणात आणि वेष्टनात आहे. तेजी-मंदीत हात घालायला त्याच्याकडे तेवढे भांडवल नसते.

साठा करायचाच तर अख्ख्या मिरचीचा करावा, पुडीचा नाही. पुडीचा रंग आणि वास लवकर उतरतो, अख्खी मिरची शीतगृहात टिकते. शिवाय अख्ख्या मिरचीला बाजारभाव असल्याने बँक तिचे मोल धरते. शीतगृहाच्या किंवा गोदामाच्या पावतीवर मालाच्या किमतीच्या साधारण ७० ते ७५ टक्के कर्ज मिळू शकते. सीसी पुरत नसेल तर हा मार्ग सावकारापेक्षा कितीतरी बरा. मात्र दर पडला की बँक फरकाची रक्कम भरायला सांगते, ती तयारी ठेवावी. खरेदीच्या वेळी पोत्याच्या तळातली मूठभर मिरची काढून मोडून पाहावी. कोरडी मिरची कट्‌कन मोडते, बी आत खुळखुळते. वाकली आणि मोडली नाही तर तुम्ही पाण्याचे पैसे मोजत आहात.

इथून दराच्या हिशेबाकडे येतो, कारण भांडवल नुसते अडकत नाही, गळतेही. घरगुती हिशेब बहुधा असा होतो: मिरची २०० रुपये किलो, दळण-मजुरी २०, पाउच-खोका १६, एकूण २३६. दोनशे ग्रॅमच्या पाउचवर ८० रुपये छापले, म्हणजे किलोला ४००. दुकानदाराला २० टक्के दिले की ३२० हाती. किलोमागे ८४ रुपये सुटले!

आता खरा हिशेब. अडत, हमाली आणि गाडीभाडे धरून मिरची दारात २०८ ला पडते. देठ काढले, पुन्हा ऊन दिले, दळताना धूळ उडाली, चाळणीवर थोडे राहिले, की १०० किलोचे ८७ किलो उरले असे धरा. घट मालागणिक बदलते, म्हणून प्रत्येक लॉटचे आधीचे आणि नंतरचे वजन वहीत लिहावेच. २०८ भागिले ०.८७ म्हणजे २३९. त्यात २० आणि १६ मिळवले की २७५. विक्रीच्या बाजूला ४०० मधून दुकानदाराचे ८० गेले, ३२० उरले. वितरक ८ टक्के घेतो, २९४ उरले. त्यात ५ टक्के जीएसटी आत आहे, तो काढला की २८०. किलोमागे सुटले पाच रुपये, आणि यातून भाडे, पगार, व्याज, फुटलेले पाउच, परत आलेला माल, सगळे भागवायचे आहे. चौऱ्याऐंशीचे पाच कुठे झाले? ३९ रुपये घट आणि भाड्याने नेले, २६ वितरकाने, १४ कराने. यातले काहीही फसवणुकीचे नाही, फक्त आधी मोजलेले नाही. अशा दराने माल जितका जास्त खपेल तितका पैसा लवकर संपेल, आणि मालकाला वाटत राहील की धंदा वाढतो आहे.

दुकानदार ‘वीस टक्के’ म्हणतो तेव्हा ते छापील किमतीवर असतात, आपल्या विक्री दरावर नसतात, हेही लक्षात ठेवावे. आपण २० टक्के चढवून दिले तर त्याला सोळा-सतराच पडतात आणि पहिल्या फेरीतच वाद होतो.

जीएसटीबद्दल थोडक्यात. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण मिरची पुडीसारखा करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आपल्या पट्ट्यातला माल बेळगाव, निपाणी आणि गोव्याकडे सहज जातो, त्यामुळे हा प्रश्न लवकर येतो. कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या योजनेत, कर १ टक्का आहे म्हणून अनेक जण तिकडे वळतात, पण तिथे राज्याबाहेर विक्री बंद, खरेदीवर भरलेला कर परत नाही, आणि तुमच्याकडून घेणाऱ्या वितरकालाही कराचे क्रेडिट मिळत नाही. थेट दुकानात आणि आठवडी बाजारात विकणाऱ्याला ती सोयीची आहे, वितरक नेमणाऱ्याला नाही.

सीसी मंजूर झाल्यावरही सगळी मर्यादा वापरता येते असे नाही. बँक दरमहा स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे साठ्याचे आणि येण्यांचे पत्रक मागते आणि त्यावरून उचल ठरवते. समजा साठा ६ लाखांचा आहे, त्यातला १ लाखाचा माल उधारीवर आणला आहे. उरले ५ लाख. २५ टक्के मार्जिन, म्हणजे आपण घालायचा वाटा, वजा करून ३ लाख ७५ हजार. येणे २ लाख, त्यावर ४० टक्के मार्जिन वजा करून १ लाख २० हजार. उचल मिळेल ४ लाख ९५ हजार, मर्यादा ७ लाख २० हजार असली तरी. मार्जिनचे टक्के बँकेगणिक आणि मंजुरीपत्रागणिक वेगळे असतात. बहुतेक ठिकाणी ९० दिवसांहून जुनी येणी धरतच नाहीत. म्हणजे उधारी थकली की तो पैसा तर अडकतोच, शिवाय बँकेची उचलही तेवढी कमी होते. हा दुहेरी मार नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. स्टेटमेंट द्यायचे राहिले, तीन महिन्यांपूर्वीच्या जुन्या स्टेटमेंटवर खाते चालत राहिले, तर खाते अनियमित धरले जाते. खात्यातली बाकी सलग ९० दिवस उचलीच्या वर राहिली, किंवा ९० दिवसांत लागलेल्या व्याजाएवढीही भर पडली नाही, तर खाते थकीत, म्हणजे एनपीए होते. मग सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर डाग येतो आणि दुसरी बँकही दारात उभी करत नाही.

सीसीचे व्याज रोजच्या बाकीवर लागते. ७ लाख २० हजार पूर्ण वापरले तर ११ टक्क्यांनी महिन्याला सुमारे ६ हजार ६०० रुपये. म्हणून दिवसाची वसुली दिवसाला त्याच खात्यात भरावी, घरातल्या डब्यात किंवा बायकोच्या नावच्या बचत खात्याच्या यूपीआयवर घेऊ नये. व्याज वाचतेच, पण त्याहून मोठा फायदा असा की बँक खात्यातल्या उलाढालीवरूनच पुढच्या वर्षी मर्यादा वाढवते. रोखीत विकलेला आणि खात्यात न आलेला माल बँकेच्या दृष्टीने विकलेलाच नसतो. आणि सीसीतून टेम्पो घेऊ नये, घराचा स्लॅब टाकू नये, लग्न करू नये. हे पैसे परत फिरून येत नाहीत, आणि फिरता पैसा एकदा अडकला की मिरचीच्या वेळी हात मोकळे नसतात. मालकाने स्वतःला ठरावीक पगार लावून तेवढाच दरमहा उचलावा. पंधरा हजार ठरले तर पंधरा हजार.

उधारीबद्दल अनुभवी माणसे एकच नियम सांगतात: बिलावर बिल. मागचे बिल मिळाल्याशिवाय पुढचा माल द्यायचा नाही. नवा उद्योजक दीडशे दुकाने गाठतो, प्रत्येकाकडे तीन-तीन हजार अडकले की साडेचार लाख झाले. वर मोजलेले तेच साडेचार लाख. त्याऐवजी एका लाइनीवरची चाळीस-पन्नास दुकाने घ्यावीत, ठरलेल्या वारी फेरी मारावी आणि त्या फेरीत आधी वसुली, मग ऑर्डर. येण्यांची यादी रोज नको, पण आठवड्याला एकदा चार रकान्यांत लिहावी: ३० दिवसांपर्यंत, ६० पर्यंत, ९० पर्यंत, त्यापुढे. तिसऱ्या रकान्यात नाव गेले की त्या दुकानाचा माल थांबवावा, मग तो नातेवाईक असो की गावचा माणूस. दमट झालेला किंवा मुदत सरत आलेला माल दुकानदार बिलातून कापून घेतो, म्हणून प्रत्येक फेरीत जुने पाउच पुढे आणि नवे मागे लावून घ्यावेत. कांदा-लसूण मसाल्यात हे जास्त घडते. कांद्यात ओल राहिली की गुठळ्या होतात आणि वास पालटतो, त्यामुळे तो दोन-तीन आठवड्यांच्या खपाइतकाच करावा.

मोठ्या खरेदीदाराकडे, म्हणजे हॉटेल, कॅन्टीन, मोठी दुकाने, पैसे थकले तर कायद्याचा आधार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग (एमएसएमई) कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असेच धरतात. तक्रार सरकारी पोर्टलवरून, अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे करता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, माल पाठवण्याआधीची असावी, नंतरच्या नोंदणीवरून वाद होतात. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे, तिला दलाल लागत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्यावा. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आली की मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाचा खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येते. ज्यांचे हिशेब सीए तपासतो ते खरेदीदार मार्चमध्ये ही रक्कम मोकळी करतात, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी सगळ्यांना बाकीचे पत्र पाठवावे. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उशिरा पैसे मिळण्याविरुद्धचे हे संरक्षण नाही, उत्पादन किंवा सेवा देणाऱ्याला आहे. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, त्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते सरल्यावर एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार. यातला एक टप्पा चुकला तरी प्रकरण अडते. गल्लीतल्या किराणा दुकानदारावर मात्र यातले काही चालवायला जाऊ नये. तिथे माल थांबवणे हाच उपाय.

पाउचचेही सांगायला हवे. रंगीत छपाईच्या रोलला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर करावा लागतो आणि छापणारा ठरावीक किलोंखाली ऑर्डर घेत नाही. पहिल्याच वर्षी तीन-चार वजनांचे रोल छापून घेतले तर लाखभर रुपये फिल्ममध्येच गुंडाळून बसतात. त्यावर किंमत छापली आणि दर बदलला, किंवा पत्ता बदलला, की रोल भंगारात. पहिली सहा-आठ महिने साधे पाउच आणि चिकटवायचे लेबल वापरावे. छापील रोल घ्यायचाच तर एका वजनाचा, आणि किंमत, बॅच, महिना कोडिंगने टाकायची जागा मोकळी ठेवून.

विमा उतरवताना साठा जिथे जिथे आहे ते सगळे पत्ते पॉलिसीत हवेत. शीतगृहातली मिरची कारखान्याच्या पत्त्यावरच्या पॉलिसीत बसत नाही. आणि रक्कम कमी धरू नये. ८ लाखांचा माल ४ लाखांना उतरवला आणि २ लाखांचे नुकसान झाले तर साधारण १ लाखच मिळतो, कारण कंपनी त्याच प्रमाणात भरपाई कापते.

अनुदानाबद्दल शेवटी लिहितो आहे ते मुद्दाम. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, महिला आणि इतर विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के अनुदान ठेवलेले आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख. या योजनांची मुदत आणि अटी बदलत राहतात, म्हणून जिल्हा उद्योग केंद्रात आणि कृषी कार्यालयात चालू वर्षाचे विचारून घ्यावे. पण अनुदान हातात रोख येत नाही. रोजगार निर्मिती कार्यक्रमात ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, पण त्याने मिरची घेता येत नाही. त्या भरवशावर उसने घेतलेल्यांची फार ओढाताण होते. तारणाचे म्हणाल तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि त्यावरच्या रकमेला सीजीटीएमएसई या हमी निधीची हमी घेता येते. हमीला वार्षिक शुल्क पडते, ते हिशेबात धरावे.

ज्याच्याकडे यंत्र आहे आणि भांडवल तोकडे आहे, त्याने उन्हाळ्यात कांडप घ्यावे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपल्याकडे घरोघरी वर्षाची चटणी होते. त्यामुळे नेमक्या याच दिवसांत पाउचची विक्री मंदावते आणि याच दिवसांत मिरची घ्यायची असते. बायका आपली मिरची, आपला मसाला घेऊन येतात, किलोवर मजुरी देतात, रोख देतात आणि घेऊन जातात. त्यात आपला एक रुपयाही अडकत नाही, यंत्राचा हप्ता निघतो. मसाला गिरणीला महावितरणचा औद्योगिक दर लागतो. व्यापारी दराची जोडणी असेल तर ती बदलून घ्यावी, चार महिन्यांच्या कांडपात फरक दिसतो.

जिल्हा उद्योग केंद्रांना आणि बँकांना आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून एक विनंती आहे. अर्जासोबत बारा महिन्यांचा रोख पैशाचा एक पानी तक्ता सक्तीचा करावा आणि तो भरायला उद्योजकता प्रशिक्षणात एक पूर्ण दिवस द्यावा. वर बारा महिने. पहिली ओळ महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक. मग त्या महिन्यात प्रत्यक्ष होणारी वसुली, विक्री नव्हे. एप्रिलची विक्री मे-जूनच्या रकान्यात येईल. मग कांडपाची मजुरी. खाली मिरची, इतर माल, पगार, वीज, भाडे, हप्ता, व्याज, कर, मालकाचा पगार. शेवटी उरणारी शिल्लक. ज्या महिन्यात ती शून्याच्या सर्वांत खाली जाते त्या महिन्याचा आकडा म्हणजे मागायच्या मर्यादेचा आकडा. मार्च-एप्रिलमध्ये तो खाली जाणारच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येही गेला, तर मिरची जास्त भरली आहे किंवा उधारी लांबली आहे, आणि ते यंत्राची ऑर्डर देण्याआधीच कागदावर दुरुस्त करता येते.

आपला,
लघुउद्योगांचे हिशेब पाहणारा एक वाचक
सांगली